चिमाबाईसाहेबांच्या कॅसेटची हकीकत

श्री. ज्याने मनुष्यास वाचा दिली, आणि बोललेले वाऱ्यावर जाते हे पाहून ते धरून ठेवण्याची बुद्धीही दिली, त्या विश्वकर्त्यास नमन करून शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सर, माघ शुद्ध पंचमी, वार बुधवार, या दिवशी भर दरबारात जे वर्तमान घडले ते जैसे घडले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव सांगण्याची आज्ञा नाही. पदरचे काही घातले नाही.

त्या राज्याचे महाराज यांस घोडे, हत्ती, जवाहीर यांचा शौक नव्हता. त्यांस छंद जडला तो जगाने टाकून दिलेल्या साठवणीच्या वस्तूंचा. लोकांनी ज्यांत एके काळी गाणी, चित्रे, बोलणी भरून ठेविली आणि मग नवे काही निघताच माळ्यावर फेकिली, ऐशा फ्लॉप्या, कॅसेटी, व्हिडिओ कॅसेटी, सिनेमाची रिळे, चकचकीत सीड्या, हे सर्व महाराजांनी मुलूखभर माणसे पाठवून गोळा करविले आणि त्यासाठी मोठा जामदारखाना बांधिला, आणि त्यावर अवचितराव यांस जामदार नेमिले. अवचितराव हे मोठे टापटिपीचे गृहस्थ. त्यांनी फडताळे करविली, बुरशी धरू नये म्हणून कापूर आणि कडुलिंबाचा पाला ठेविला, उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे भिजविले, आणि आकारमानाप्रमाणे सर्व वस्तू ऐशा लाविल्या की पाहणाऱ्याने पाहत राहावे. परराज्यांचे वकील येत, तोंडात बोट घालीत आणि म्हणत, "आमच्याकडे हे सर्व होते, पण आम्ही फुंकून टाकिले." हे ऐकून अवचितरावांची छाती दोन बोटे वर येई.

प्रथम त्या जामदारखान्यात एक यंत्रही होते, ज्यात कॅसेट घालून ऐकता येई, आणि दुसरे एक, ज्यात व्हिडिओ कॅसेट घालून पाहता येई. मग एके दिवशी जुन्या बाजारातून आणलेली कोणा परक्याच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट दरबारात लाविली, आणि तीत जेवणाची पंगत दिसली, आणि पंगतीतला एक पाव्हणा भाताचा घास तोंडात धरून शेजाऱ्यास म्हणाला, "आपले महाराज ना? अहो, भंगारवाला बरा. तो निदान आणलेलं विकतो तरी." दिवाण रघोपंत यांस हसू फुटले, आणि त्यांची पगडी मांडीवर आली. महाराजांस बहुत क्रोध आला. त्यांनी दोन्ही यंत्रे खंदकात लोटविली आणि हुकूम फर्माविला: "आम्ही भांडी जमवितो, त्यांतले लोकांचे खरकटे नव्हे. यापुढे जे जे या जामदारखान्याचा उंबरठा ओलांडील, ते आधी घासून घ्यावे." मग अवचितरावांनी लोहाराकडून जाड लोहचुंबक घडवून आणिले, आणि त्यावरून प्रत्येक कॅसेट आणि फ्लॉपी उलटी-सुलटी फिरवून कोरी करू लागले. चुंबकास न जुमानणाऱ्या सीड्या काथ्या आणि राखेने पितळी ताटांसारख्या घासिल्या. सिनेमाची रिळे सोड्याच्या पाण्यात उकळून पांढरी शुभ्र केली. वरची नावांची कागदे गरम पाण्याने सोडविली. हे सर्व उघड्या अंगणात चाले, आणि येणारे-जाणारे पाहत आणि म्हणत, "काय स्वच्छता!"

मग जामदारखान्याचा लौकिक ऐसा वाढला की महाराजांची मर्जी राखू इच्छिणारा प्रत्येक जण घरची एखादी कॅसेट नजराणा म्हणून आणू लागला. कोणी मुलीच्या बारशाची, कोणी वडिलांच्या कीर्तनाची. घरी ऐकण्यास यंत्र नाही, फीत बुरसटून जाते, त्यापेक्षा सरकारात कापराजवळ राहील, हाही हिशेब होता. अंगणातली घासणी सर्वांस ठाऊक होती. परंतु खरकटे म्हणजे बाजारातून आलेले, परक्याचे. आपल्या घरचे ते खरकटे नव्हे, ऐसे प्रत्येकाने मनाशी धरिले, आणि कोणी कोणास विचारिले नाही. हुकमात तर घरचे आणि बाजारचे ऐसा भेद नव्हता. अवचितरावांनी हुकूम वाचिला तैसा चालविला.

महाराजांच्या राणी चिमाबाईसाहेब या डोंगराकडील एका लहान संस्थानच्या कन्या. त्यांचे वडील हैबतराव हे रणात धीट आणि घरात अबोल. मुलीची पाठवणी जाहली त्या दिवशी मेण्याजवळ आले, उभे राहिले, घसा खाकरिला, आणि बोलणे काही होईना. मग खणाच्या पिशवीतली एक कॅसेट त्यांनी मुलीच्या हातात दिली आणि म्हणाले, "पोरी, समोर बोलवत नाही. यात बोललोय. सवडीनं ऐक." चिमाबाईसाहेबांचे हात ओल्या मेंदीचे, त्याचा डाग कॅसेटच्या कोपऱ्यास लागला. सासरी आल्यावर ती कॅसेट ऐकण्याचा धीर त्यांस होईना. आज ऐकिली तर रडू येईल, नव्या घरात रडलेले बरे दिसत नाही, उद्या ऐकू, ऐसे करिता यंत्रेच खंदकात गेली. मग पावसाळ्याच्या ओलीस भिऊन त्यांनी ती अवचितरावांच्या स्वाधीन केली आणि म्हणाल्या, "जामदार, जिवापाड सांभाळा." अवचितरावांनी तैसेच सांभाळिले. स्वतःच्या हाताने चुंबकावर फिरविली, एकदा नव्हे, राणीसाहेबांची म्हणून मुद्दाम दोनदा. पिशवी धुवून वाळविली. मेंदीचा डाग तेवढा लिंबाने, चिंचेने, कशानेही जाईना, याची त्यांस फार रुखरुख लागिली.

मग मागल्या भाद्रपदात हैबतराव वारले. राणीसाहेबांनी अन्न टाकिले नाही की मोठ्याने रडल्या नाहीत, त्या महाराजांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "आम्हांस आमच्या वडिलांचे बोलणे ऐकायचे आहे. काय बोलले ते त्यांच्याखेरीज कोणास ठाऊक नाही, आणि ते आता नाहीत. आम्हांस यंत्र आणून द्या." महाराजांचेही मन द्रवले. त्यांनी सरलष्कर कावजी यांस फौजेनिशी यंत्राच्या मोहिमेवर रवाना केले. कावजींनी जुन्या बाजारास वेढा घातिला, आणि बाजारवाले शरण येईनात, उलट चहा पाजू लागले, आणि चांगली यंत्रे गेली, उरली ती मुकी, ऐसे सांगू लागले. शेवटी एका शिंपिणीच्या घरी, शिवणयंत्राखाली टेकू म्हणून दिलेला एक टेपरेकॉर्डर सापडिला. ती म्हणाली, "सरदार, तो काढलात तर माझं मशीन डुगडुगेल." कावजींनी आपल्या नगाऱ्याची बैठक काढून तिथे टेकूस दिली आणि टेपरेकॉर्डर अंबारीत घालून राजधानीस आले. वेशीवर तोफा जाहल्या, आणि साखर वाटिली, आणि अवचितरावांनीही दोन मुठी साखर खाल्ली. त्यांच्या चित्तात तोवर काहीच आले नव्हते. भांडे आणि भांड्यातले, हे दोन विचार त्यांच्या डोक्यात कधी शेजारी बसलेच नव्हते.

माघ शुद्ध पंचमीस दरबार भरिला. टेपरेकॉर्डर चौरंगावर ठेविला, त्यास हळदकुंकू वाहिले. चिमाबाईसाहेब चिकाच्या पडद्याबाहेर येऊन बसल्या, कारण ऐकताना मध्ये पडदा नको ऐसे म्हणाल्या. मग त्या बोलिल्या, "अवचितराव, आमची कॅसेट आणा." "आज्ञा," म्हणून अवचितराव उठिले, जामदारखान्यात गेले, फडताळ उघडिले, खणाची पिशवी सोडिली, आणि कॅसेट हातात घेऊन नेहमीप्रमाणे उजेडात धरिली, लख्ख आहे ना ते पाहण्यास. लख्ख होती. आणि तेथे उभ्या उभ्या भांडे आणि भांड्यातले हे दोन विचार त्यांच्या डोक्यात आज शेजारी बसले. त्यांस प्रथम वाटले की दुसरी कोणती तरी लावावी, कोणा वडिलधाऱ्या पुरुषाचा आवाज असलेली. म्हणून त्यांनी फडताळाकडे पाहिले. मग दुसऱ्या फडताळाकडे. मग भिंतीपासून भिंतीपर्यंत पाहिले, आणि तेथे त्यांच्या हातून घासल्याविना राहिलेली एकही वस्तू नव्हती.

उशीर का म्हणून कावजी पाहण्यास आले. म्हणाले, "काय जामदार, भूत पाहिलंत?"

अवचितराव म्हणाले, "कावजी, ही कोरी आहे."

"कोरी कशी असेल? मेंदीचा डाग आहे की. राणीसाहेबांचीच ती."

"त्यांचीच. मीच घासली."

कावजी हसू लागले, मग हसणे तोंडावरच राहिले. "अहो, घासायची ती बाजारची."

"हुकमात तसं नव्हतं."

कावजी बारीक आवाजात म्हणाले, "माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या दिल्या होत्या तुम्हाला. सरलष्करी मिळाली तेव्हा." ज्या कावजींनी वेढ्यात कधी पाऊल मागे घेतिले नाही, ते दाराकडे पाठमोरे चालू लागिले, जणू फडताळांस पाठ दाखविण्याचे भय वाटते.

दरबारात येऊन अवचितरावांनी कॅसेट राणीसाहेबांच्या पुढे ठेविली आणि पागोटे काढून शेजारी ठेविले आणि जे खरे ते सांगितले. कोणास प्रथम समजलेच नाही. महाराज म्हणाले, "बरे, मग लावा." अवचितरावांनी पुन्हा सांगितले. मग रघोपंत दिवाण अर्धवट उठिले आणि म्हणाले, "आमच्या कन्येच्या बारशाची? ती तर घरचीच..." आणि वाक्य पुरे न करता बसले. ती कन्या दोन वर्षांची असतानाच वारली होती. मग एक मानकरी उठिला, मग दुसरा, मग बसलेल्यांत उठल्याविना कोणी राहिला नाही, आणि जो तो फक्त नाव घेई. आईचे, भावाचे, गुरूचे. प्रश्न पुरा करण्याचे बळ कोणात नव्हते. महाराज वरून पाहत होते, आणि त्यांच्या ध्यानात आले की आपल्या राज्याभिषेकाचे रीळ, ज्यात थोरले महाराज स्वहस्ते पुत्राच्या कपाळी टिळा लावितात, तेही याच जामदारखान्यात आहे, पांढरे शुभ्र. त्यांचा चेहरा उतरला आणि मग लाल जाहला, आणि ते ओरडले, "जामदाराचा कडेलोट करा!"

चिमाबाईसाहेब म्हणाल्या, "हुकूम कोणाचा होता?"

महाराजांचा उगारलेला हात खाली आला.

"मग जामदारांस बसू द्या. ती कॅसेट लावा."

रघोपंत हात जोडून म्हणाले, "आईसाहेब, तीत काही नाही."

"लावा."

कावजींनी पुढे होऊन कॅसेट आत बसविली आणि कळ दाबिली. टेपरेकॉर्डरातून दूरच्या ओढ्यासारखा आवाज येऊ लागिला, आणि त्याखेरीज काही येईना. दरबारी एकमेकांकडे पाहू लागिले. काही काळ गेल्यावर महाराज हळूच म्हणाले, "राणीसाहेब, पुरे करावे." त्या म्हणाल्या, "आमचे वडील बोलताहेत. मध्येच उठू नये." मग कोणी हलिले नाही. मंडप तापला, माळेची फुले मान टाकू लागिली, आणि ती फीत सरत राहिली, आणि राणीसाहेब किंचित पुढे वाकून ऐकत होत्या, जैसे कमी बोलणाऱ्या माणसाचे बोलणे ऐकावे लागते. एकदा त्यांनी मान हलविली. कशास, हे कोणास कळिले नाही. मग फीत संपली आणि कळ आपोआप वर आली, खट्, आणि दरबाराने कोंडलेला श्वास सोडिला, आणि महाराज उठण्यास पाय खाली सोडू लागिले.

चिमाबाईसाहेब म्हणाल्या, "दुसरी बाजू लावा."

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. दुसरी बाजूही शेवटपर्यंत ऐकिली. दुसऱ्या दिवसापासून ज्याने त्याने आपापली वस्तू मागितली. ज्यांची फ्लॉपी, सीडी अथवा रीळ होते ते तैसेच हातात घेऊन गेले, ज्यांची कॅसेट होती ते टेपरेकॉर्डरापाशी रांगेत बसले, आणि अवचितराव बाजू बदलून देऊ लागिले. कोणी त्यांस शिवी दिली नाही. महाराज आपले पांढरे रीळ घेऊन रांगेच्या टोकाशी उभे राहिले. त्यांस कोणी सांगितले की हे या यंत्रात बसत नाही. ते म्हणाले, ठाऊक आहे, आणि उभेच राहिले. इति.