जगदाळेची चिल्लर

कोविड यायच्या कितीतरी आधीपासून जगदाळेच्या घरात मास्क लावूनच शिरावं लागे. पाहुण्याच्या फुप्फुसांची त्याला काडीची काळजी नव्हती. काळजी होती ती नाण्यांची. "बोलताना थुंकी उडते माणसाची. एक थेंब पडला की गेलं नाणं!" असं म्हणून तो दारातच मास्क हातात द्यायचा. तरीही मी खोकलोच, तर असा बघायचा, जणू मी ऐन मंगलाष्टकांत शिंकलोय. स्वतःची मंगलाष्टकं मात्र या गड्याने कधी होऊ दिली नाहीत.

आयर्लंडातल्या लिक्सलिप गावात आमची घरं समोरासमोर. जगदाळे मूळचा कराडचा, इथल्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. दिवसभर डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात वावरायचं, धुळीच्या कणाकणाशी वैर धरायचं, आणि घरी येऊन तेच वैर पुढे चालवायचं. त्याला नाद अमेरिकेच्या पाव डॉलरच्या नाण्यांचा. बाजारात फिरणाऱ्या नव्हे, टांकसाळीने खास शौकिनांसाठी चांदीत काढलेल्या. प्रत्येकावर वेगळं चित्र. मोकळी जागा आरशासारखी लख्ख आणि चित्र दव पडल्यासारखं दुधाळ. प्रत्येक नाणं प्लास्टिकच्या गोल डबीत कायमचं बंद. "फिनिश बघ, फिनिश! चित्र काय, कुणीही काढेल!"

आणि २०२०च्या त्या वर्षात त्याच्या पार्सलमधून काय निघावं? वटवाघूळ! सारं जग वटवाघळाच्या नावाने बोटं मोडत होतं, आणि या पठ्ठ्याने आमच्या मराठी मंडळाच्या झूमवर ते नाणं कॅमेऱ्यासमोर धरलं. पिल्लाला पोटाशी घेऊन उलटी लटकलेली मादी. दोन बायकांनी कॅमेरे बंद केले. एका आजोबांनी लॅपटॉपला सॅनिटायझर फासलं. "अहो, फिनिश तरी बघा!" जगदाळे ओरडत होता. त्याचंही बरोबर होतं. अशी दोन नाणी भिंगाखाली नापास करून त्याने परत पाठवली होती, तेव्हा कुठे हे तिसरं मनासारखं मिळालं होतं.

फेब्रुवारीत त्याची आई तीन महिन्यांसाठी म्हणून आली आणि अडकली. कराडच्या घराला कुलूप. दिवाळीला तिथे दिवा लागलाच पाहिजे, या एका विचाराने त्या, म्हणजे आमच्या मावशी, रोज विचारायच्या, "दिलीपा, इमानं सुरू झाली का रं?"

"बंद आहेत, आई."

एवढं बोलून होतंय तोच बेल वाजायची आणि पोस्टमन नवं पार्सल ठेवून जायचा.

होता होता लक्ष्मीपूजन आलं. दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायला तेव्हा बंदी होती. मी चकल्यांचा डबा त्यांच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, बेल दाबली आणि बागेत मागे सरलो. मावशींनी दार सताड उघडलं.

"या पावनं! लांबनंच बघा माझी लक्ष्मी!"

पाटावर कलश, पणती, लाह्या-बत्तासे. आणि मधोमध, ताटलीत, वटवाघूळ! डबीच्या बाहेर! चिंचेने घासलेलं, दुधाने न्हाऊ घातलेलं, हळदीकुंकवाने माखलेलं.

"लई घट्ट डबी बगा. शेवटी अडकित्त्यानं फोडली," मावशी कौतुकाने म्हणाल्या.

तेवढ्यात जगदाळेची गाडी आली. तो माझ्याकडे बघून हसला, दारात गेला, आणि त्याला पाट दिसला. आता लिक्सलिपभर ऐकू जाईल अशी किंकाळी येणार म्हणून मी खांदे आक्रसले. पण आवाज अगदी बारीक आला.

"आई... अगं, सगळ्यांतनं नेमकं हेच?"

"लेकराला पोटाशी धरल्याली बाई हाय ती. आनि काय बघायचं असतं?"

"अगं पण इथे कशाला मांडलंस सगळं? थोडं थांबायचं. विमानं सुरू झाली की कराडला..."

"गप रं," मावशी वात सारत म्हणाल्या. "अमेरिकेतनं तुझी चिल्लर इमानानं येतीया, आन मला तेवढी इमानं बंद व्हय? कवाच कळलंय मला."

मी चकल्यांच्या डब्याकडे एकाग्र चित्ताने बघू लागलो. जगदाळे काहीतरी पुटपुटला. कानापर्यंत लाल झाला होता.

"कराडचं कुलूप काय पळून जातंय?" मावशी म्हणाल्या. "ह्या घरात कवा दिवा लागल्याला दिसंना, म्हनून हितं मांडली. शिमग्यापतोर हाय मी. आता बूट काढ आन नमस्कार कर."

जगदाळे बूट काढायला खाली वाकला, तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. त्या बुटांना नाड्याही नव्हत्या.