बरणीतला साहेब

भांडुपच्या आमच्या चाळीत एक मासा उपाशी राहिला तो माझ्यामुळे, हे आधीच सांगून टाकतो. त्याशिवाय दाजी परबांबद्दल नीट लिहिता यायचं नाही.

मासा दाजींचा. फायटर जातीचा, निळाजांभळा, करंगळीएवढा. लोणच्याच्या काचेच्या बरणीत एकटाच राहायचा. नाव साहेब, कारण दाजींच्या गिरणीतला मॅनेजर रागावला की त्याचेही गाल असेच फुगायचे. दाजी मालवणकडचे, माशाशिवाय त्यांना घास उतरत नसे. पण स्टोव्हवर बांगडा चढवण्याआधी ते बरणीवर टॉवेल टाकायचे.

"आपल्या भावाबंदाक तळताना बघून तेका काय वाटतला रे?"

टॉवेल निघायचा तो जेवण होऊन, हात धुऊन, बडीशेप चघळून झाल्यावर. साहेबाला वासाने संशय यायला नको!

साहेबाच्या खाण्याची शिस्त कडक. एखादं पोर चपातीचा तुकडा घेऊन आलं की दाजी बरणीला मिठी मारायचे. "तेचा पोट तेच्या डोळ्याएवढा असा! वाट लावशात तेची!" साहेब खायचा फक्त डासांच्या अळ्या. त्यासाठी दाजींनी संडासामागे पत्र्याचा टब भरून ठेवला होता. सगळी चाळ डास मारायची आणि दाजी पाळायचे. टबाकडे कोणी फिनेल घेऊन निघालं की गॅलरीतून ओरडायचे, "ता आमच्या साहेबाचा जेवण असा!"

एकदा डासांनी माझ्या तान्ह्या मुलीचा चेहरा सुजवला. त्या रागात मी मलेरिया खात्याच्या माणसाला गुपचूप टब दाखवला. त्याने टब उपडा केला, गटारांत तेल ओतलं आणि निघून गेला.

संध्याकाळी दाजी उपड्या टबाशेजारी उकिडवे बसले होते. "कोणी सांगितल्यान रे, वसंता?"

"काय माहीत, दाजी," मी म्हणालो. जीभ कशी वळली कोण जाणे.

दाजींचा संशय शेजारच्या सावंतबाईंवर गेला. ते कळताच बाईंनी अंगणात उभं राहून दाजींना "मच्छरवाले" म्हटलं. मी घरात बसून ऐकलं आणि चहा गार होऊ दिला.

इकडे साहेब तळाशी जाऊन बसला. अंड्याचा बलक, भाताचं शीत, कशाकडे ढुंकूनही बघेना. दाजी त्याच्यासाठी टाळ्या वाजवत डास मारायला लागले, तर तेल ओतल्यापासून डासही सापडेनात! चाळीत डासांची टंचाई झाली ती तेवढी एकदाच.

शेवटी रविवारी मी पाइपलाइनजवळच्या डबक्यावर गेलो. ऑफिसची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात घरचं चहाचं गाळणं.

"काय साहेब, मासे पकडताय?" एका सायकलवाल्याने विचारलं.

"नाही हो, डास."

तो मागे न बघता जोरात पेडल मारत गेला.

अळ्यांनी वळवळणारा जेवणाचा डबा घेऊन मी दाजींच्या खोलीत शिरलो. त्यांनी चिमूटभर अळ्या बरणीत सोडल्या. साहेब हळूच वर आला. एक अळी गेली. मग दुसरी. दाजींनी काचेला नाक लावलं आणि साहेबाने गाल फुगवून, पिसारा पसरून त्यांच्यावर झडप घातली.

दाजी लहान मुलासारखे हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "माझी बायल गेली, तेव्हापासून उशिरा इलंय तर घरात रागावणारा कोण नाय रे. ह्योच काय तो गाल फुगवता."

मला राहवेना. "दाजी, टब मीच दाखवला. सावंतबाईंनी नाही. चुकलो मी."

दाजींनी बरणी उचलून माझ्यासमोर ठेवली.

"माका कित्याक सांगतस? उपाशी कोण होतो? तेका सांग."

मी वाकलो, हात जोडले. "साहेब, चुकलो. माफ करा."

साहेबाने गाल फुगवले.

"परत सांग," दाजी म्हणाले. "तो अजून रागावलेलो असा."

मी परत सांगितलं.