उदबत्ती आणि कार्बोरेटर

सास्तूरच्या आण्णासाहेबांनी ठरवलं, की बायकोच्या, द्वारकाबाईंच्या, वर्षश्राद्धाआधी मोटारीचं इंजिन लख्ख पुसायचं. तिथंच घोटाळा झाला.

मोटार लाल, बिनटपाची, दोनच सीटांची. सोलापूरच्या एका डॉक्टरकडून हौसेनं घेतलेली. "ट्यूनिंग जमलं की तुला अणदूरच्या खंडोबाला नेतो," असं ते बायकोला पंचवीस वर्षं सांगत आले. ट्यूनिंग दर रविवारी चाले. बाई मात्र त्या सीटवर कधी बसल्याच नाहीत. आता निदान त्यांचा फोटो तरी न्यायचा होता.

पण पुसल्यावर इंजिन शिट्टी घालू लागलं आणि धापा टाकून बंद पडू लागलं. "कार्बोरेटर कुठून तरी चोरून हवा ओढतोय," असं निदान त्यांनी ऐटीत केलं. मग पाच उदबत्त्या पेटवून (पेट्रोलजवळ! पण ओरडणारी आता नव्हती) ते एकेका जोडापाशी फिरवू लागले. धूर जिथं आत ओढला जाईल, तिथं गळती.

शेजारच्या नागम्मा नारळ घेऊन धावत आल्या. "फोडू का?"

"अवो, ही पूजा न्हाय, तपासणी हाय!"

"मग रडताव कशाला?"

"धूर गेला डोळ्यात."

धूर गेला होता हे खरं, पण तेवढ्यानं एवढं पाणी येत नाही.

शेवटी धूर सुर्रकन एका बारीक नळीत शिरला. नळीचं तोंड उघडंच होतं. "सृष्टी, इथलं बूच कुठं गेलं गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

सृष्टीनं कचऱ्याच्या बादलीतून दोऱ्यानं गुंडाळलेला काळा रबराचा तुकडा काढला.

"घाण म्हणून तुमीच फेकलाव, आण्णा. कुकरच्या जुन्या रिंगचा हाय. धा वर्षांमागं आईनं गाडीची शिट्टी ऐकून बसवला. तवापसनं गाडी झ्याक चालत हुती."

"मला बोलली न्हाय ती?"

"तुमी गावभर सांगत हुताव ना, ट्यूनिंग म्या जमवलं म्हणून. आन तिला म्हणायचाव, अजून थोडं ऱ्हायलंय."

आण्णासाहेब पायरीवर बसले आणि यावेळी उदबत्तीशिवाय रडले.

श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी तोच तुकडा नळीवर परत बसवून आणि शेजारच्या सीटवर फोटो ठेवून ते अणदूरला पोचले. देवळाबाहेर हार विकणारा बलभीम मोटारीभोवती फिरला. "लई गुळगुळीत चालतीय की! मेस्त्री कोण?"

आण्णासाहेबांनी फोटोकडं बोट केलं.

"आन तुमी वो?"

"म्या बिघडवतो."