अमरावतीच्या थंड कोठीत घंटेने माजविलेले रण

श्रीगजानन प्रसन्न. शके अठराशे एकुणसाठ, ईश्वरनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध तृतीयेस वऱ्हाड प्रांती अमरावती मुक्कामी थंडाई आणि उष्णता यांचे जे तुंबळ युद्ध जाहले, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे. लिहिणाराने स्वतः त्या गर्दीत उभे राहून गारवा खाल्ला, सबब साक्षीस उणे नाही.

वरूडचे बागाईतदार, संत्राधिपती खुशालराव यांनी कन्या ताराबाई हिचे लग्न अकोल्यास योजिले आणि बैठकीत मिशीस पीळ देऊन जबान दिली की, वैशाखातील पंगतीस पानोपानी संत्रे वाढीन. वैशाखात झाडावर औषधालाही संत्रे नसते. सबब विहीण माणिकबाई खुदकन हसल्या, आणि ते हसू रावांच्या काळजात रुतले. मग रावांनी फाल्गुनातच पेट्या भरून अमरावतीच्या बर्फ कारखान्याचे थंड कोठीत ठाणबंद केल्या. कुटुंब वच्छलाबाई यांस ही मसलत नापसंत. त्या म्हणाल्या, "फळ झाडावर रायते नाई तं पोटात. बर्फात काऊन कोंडून राहिले त्याले?"

कोठीचे कारभारी वामनराव मोठे हुशार. आतील पारा पाहण्यास वारंवार दार उघडावे तो थंडाईच पळून जाई, याकरिता त्यांनी मुंबईहून पाऱ्याची नळी आणि विजेची घंटा आणविली. आत ऊब शिरून पारा खुणेस भिडला की घंटा आपोआप गर्जे, आणि पारा उतरेतो थांबत नसे. ऐसा जागता चौकीदार दरोबस्त प्रांतात दुसरा नव्हता.

परंतु नवे यंत्र आले आणि त्याची पूजा नाही, ऐसा अधर्म वऱ्हाडात कोण करील? अक्षय्यतृतीयेचा मुहूर्त ठरला. चिंतामणशास्त्री नळीसमोर पाट मांडून बसले, निरांजने लागली, कापूर पेटला. बाहेर उन्हाने कावळे चोच वासून बसलेले, आणि आत माघ महिन्याचा गारवा. मग भक्तीस काय तोटा! तमाम शहर लोटले, आणि मागल्यांस दर्शन व्हावे म्हणून दार सताड उघडे ठेविले. दिव्यांची धग, माणसांचे श्वास आणि वैशाखाची झळ ऐसी तिहेरी फौज पाऱ्यावर चालून गेली आणि घंटा खणखणू लागली.

तो लोकांनी हात जोडिले की, देव जागा जाहला. शास्त्रीबोवांनी फर्माविले की, घंटा वाजत असता आरती आटोपणे अशुभ. मग आरती थांबेना म्हणून घंटा थांबेना, आणि घंटा थांबेना म्हणून आरती थांबेना. गणपती जाहले, शंकर जाहले, देवी जाहली, दत्त जाहले, आणि पुनश्च गणपतीपासून आरंभ जाहला. गारवा सोडून उन्हात जाण्याची घाई कोणासच नव्हती.

वामनरावांनी पूजेस आलेल्या खुशालरावांस गाठून कानी घातले, "राव, घंटा सांगून राहिली का कोठी तापली. संत्र्यायले घाम सुटला तं बुरशी धरन. लोकायले बाहेर काढा." रावांनी पेटीत हात घातला तो फळ दमट लागले. चालत्या आरतीतून माणसे कैसी हुसकावावी? रावांचे डोळे भरून आले.

बाहेर अकोल्यास जाणाऱ्या लॉरीत वच्छलाबाई लग्नाच्या बुंदीलाडवांच्या टोपल्या राखीत बसल्या होत्या. त्यांनी दारातून यजमानांचा चेहरा पाहिला आणि त्यांस तो पाहवेना. मग बाईंनी आपल्या हाते टोपल्या सोडिल्या आणि हुकूम सोडिला की, "परसाद बाहीर हाये. आत रायला त्याले भेटनार नाई." तत्क्षणी कोठीत ऐसी पळापळ उडाली की सांगता सोय नाही. अग्रभागी खासा शास्त्रीबोवा होते. वामनरावांनी दिवे विझवून दार लोटिले, गारव्याचे यंत्र जोराने चालविले, आणि पारा उतरून घंटा मौन पावली. संत्री बचावली. लाडू मात्र दरोबस्त धारातीर्थी पडले.

अकोल्यास पंगत बसली आणि पानोपानी संत्रे पडले. माणिकबाईंनी नाक मुरडून पुसिले, "लाडू काऊन नाई केले जी?"

वच्छलाबाई म्हणाल्या, "लाडू तं कोनीबी वाढते, इहीनबाई. वैशाखात संत्रं वाढनारा मानूस आमच्याच घरी हाये."

खुशालराव वाढता वाढता जागीच उभे राहिले, आणि माणिकबाईंनी दुसरे संत्रे मागून घेतले. ऐसी फत्ते जाहली, ती येथे लिहून ठेविली असे.