संशयित : किमान एक

आमच्या गावात चोरी होत नाही, कारण चोराला हात हलवत परत जावं लागेल. तरीही वरून फॉर्म आला आणि ‘लोकसहभाग गुन्हे प्रतिबंधक समिती’ रीतसर स्थापन झाली. अध्यक्ष गिरणीवाले, कारण खुर्च्या त्यांच्याकडे होत्या. सचिव मी, शाळामास्तर, कारण पेन माझ्याकडे होतं.

फॉर्मात सातवा रकाना होता : ‘संशयित व्यक्ती (किमान एक)’. तो रिकामा ठेवल्यास गाव सहकार्य करत नाही असं समजलं जाईल, अशी तळटीप होती. आम्ही पडलो भिडस्त. समोर बसलेल्याचं नाव घ्यायचं कसं? म्हणून जो गैरहजर तो संशयित, असा ठराव एकमताने झाला. बोलावलेल्यांत गैरहजर निघाली एकटी शिंपीणमावशी. ती घरी बसून समितीच्या दंडावरच्या पट्ट्या शिवत होती.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या घेऊन ती माझ्याकडे आली.

“मास्तर, माझं नाव काढा. लोक शिवायला टाकलेले कपडे परत नेतायत. मशीन बंद पडलं तर मी काय दोरा खाऊ?”

“काढू की. अर्ज तेवढा सभेत येऊन मांडा.”

“मग येते.”

“पण मावशी, संशयितांना सभेत प्रवेश नाही.”

मला फार वाईट वाटलं. इतिवृत्तात त्यासाठी जागा नव्हती.

पुढच्या सभेला, आपलं नाव लागेल या धास्तीने, झाडून सगळं गाव आलं. आजारी माणसं खाटेसकट आली. घरांकडे उरली एकटी मावशी. नेमका त्याच दुपारी गावाच्या इतिहासातला पहिला चोर आला आणि चोरण्याजोगी एकमेव वस्तू, म्हणजे अध्यक्षांची शेळी, खुंट्यावरून सोडून घेऊन चालू लागला. मावशी कात्री घेऊन धावली. चोर पळाला, शेळी राहिली.

आम्ही परतलो तेव्हा शेळीची दोरी तिच्या हातात होती. मी तिथेच लिहून घेतलं : घटनास्थळी हजर, एकटी, हत्यारासह.

“अहो, वाचवली मी शेळी!” मावशी ओरडली.

“चोर येणार हे तुम्हालाच बरं कळलं?” अध्यक्ष म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मशीन समितीकडे जमा झालं. ते माझ्या वर्गात फळ्याखाली पडून आहे. दंडावरच्या पट्ट्या उसवल्यात, पण शिवणार कोण?

वरून शाबासकी आली, सोबत नवा फॉर्म. या खेपेला किमान दोन. मावशी आहेच. दुसऱ्या नावासाठी मी हजेरीवही दोनदा चाळली. सगळ्यांच्या सह्या आहेत. तुमची मात्र कुठे दिसत नाही.