पटलेकाका आणि परदेशी कोंबड्या

पटलेकाकांना लग्नाची पत्रिका दिली, तरी ते आधी पाकिटावरचा पत्ता तपासतात. मग विचारतात, "लग्न कोणाचं जी?" कँटीनमध्ये कोणी दोन समोसे घेतले, की "दुसरा कोणासाठी?"

गोंदियातल्या आमच्या कारखान्यात सर्किट बोर्ड बनतात. मी टेस्टिंगला. परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद काकांकडे. लढाईतही वापरता येतील अशा वस्तूंची सरकारी यादी त्यांना तोंडपाठ. माल कोण वापरणार, कशासाठी, हे कळल्याशिवाय त्यांची सही होत नाही. "गाडी गेटाबाहेर गेली का आपण मालक नाही, नुसते साक्षीदार," असं ते म्हणतात.

मागच्या हिवाळ्यात आम्हाला पहिली मोठी परदेशी ऑर्डर आली. अंधारात दोन किलोमीटरवरचंही उष्णतेवरून दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचे बोर्ड! आमच्या मालकांनी, सेठजींनी, पेढे वाटले. जवळच्या गोरेगावकडून एस्टीने येणाऱ्या, बोर्ड जोडणाऱ्या आमच्या पोरी तर नाचायच्याच बाकी होत्या. ओव्हरटाइम मिळणार, नवी लाइन सुरू होणार!

काकांनी पेढा खाल्ला आणि कागद वाचला. 'वापर : कुक्कुटपालन.'

"कोंबड्यायचा ताप मोजाचा असन," मी म्हटलं.

"मोजू दे ना! पण दोन किलोमीटरवरून? अंधारात? कोंबडी पळून कुठं जाऊन राहिली?"

सगळं ऑफिस हसलं. काका हसले नाहीत. त्यांनी ग्राहकाला तीन प्रश्न पाठवले : फार्म कुठं, मालक कोण, कोंबड्या किती? आम्ही दर तासाला विचारत होतो, "काका, कोंबड्या आल्या का?"

चौथ्या दिवशी उत्तर आलं. कोंबड्यांचा उल्लेखच नाही. भाव दुप्पट देतो, प्रश्न विचारू नका.

"देखिए सेठजी," काका ताडकन उठले, "सोन्याची अंडी देणारी कोंबडी हाय ही! मी सही करत नाही."

सेठजी लालबुंद झाले. "पटलेजी, नौकरी प्यारी है कि नहीं?"

"हाय ना जी. म्हणूनच नाही करत."

सेठजींनी ग्राहकाचं ते उत्तर पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, "कॅन्सल करो."

मी टाळ्याच वाजवल्या! एकटीनेच. पोरींचे चेहरे उतरले होते. एरवी जेवणाच्या सुट्टीत पोरी काकांना आपल्या डब्यातली भाजी नेऊन द्यायच्या; दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या टेबलाजवळ कोणी फिरकेना.

आठवड्याने मीच डबा घेऊन गेले. काका मुरमुरे खात होते. काकू गेल्यापासून दुपारचं तेच.

"काका, पोरींना समजावून का नाही सांगत?"

"काय सांगू? बोर्डावर हात त्यायचे चालतात. उद्या त्याच्यातून कोणाच्या लेकरावर नेम धरला, अन् ह्यायले कळलं, तं हातचा घास गोड लागन का?" त्यांनी मुरमुऱ्यांची पुडी बांधली. "रोज सुट्टी झाली का मी गेटावर जातो. पोरी एस्टीत चढल्या का घरी जातो. आता कोणी बोलत नाही. पण मोजतो. सोळा बसल्या का बरं वाटते."

त्या संध्याकाळी एस्टीच्या रांगेत मी हे सगळं सांगितलं. पोरी एस्टीत चढल्या, गेटावर काका मोजत होते. गाडी सुटली, आणि मागच्या खिडकीतून सगळ्यात लहान असलेली सुनीता ओरडली, "काका, उद्या भाजी कोणती आणू?"

काकांनी हात वर केला. मग घरी निघाले.