चिपळ्यांवर पारखलेला कॉम्प्युटर

कॉम्प्युटरच्या दुकानात चिपळ्या वाजवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बेळगावच्या त्या थंडगार दुकानात केशवअण्णा डाव्या हातानं चिपळ्या वाजवत होते, उजव्या हाताच्या एका बोटानं कीबोर्डची कळ दाबत होते आणि डोळे मिटून ऐकत होते. दुकानदार माझ्याकडे बघत होता. मी छताकडे बघत होतो.

"उशीर करतंय," अण्णा म्हणाले. "दुसरं दाखवा."

अण्णा रामनगरजवळच्या गुंद गावचे. लाकडाच्या डेपोत कारकुनी करून रिटायर झालेले. गावच्या भजनी मंडळात पेटी त्यांची आणि गाणंही त्यांचंच. 'उशीर करतंय' हा त्यांचा साऱ्या जगावरचा आक्षेप. रामनगरची बस उशीर करायची, कुकरची शिट्टी उशीर करायची. एका लग्नात अक्षता पडल्यावर हार घालायला नवरदेव जरा रेंगाळला, तर यांनी पंगतीत वधूपित्याला सांगितलं, "पोरगा चांगला हाय, पण सम चुकतोय."

मंडळात मृदंगाला दत्तू. दोघं लहानपणापासून शेजारी बसून वाजवत आलेले. मग दत्तूच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात लुळा पडला. तो भजनाला येईनासा झाला. अणशीकडचा एक मृदंगवाला यायला तयार होता, पण अण्णांनी त्याला बोलावलं नाही. मंडळ मृदंगाविनाच गाऊ लागलं.

अशात एके सकाळी अण्णा रामनगरला माझ्या दुकानात आले. माझा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा.

"बाबूशेट, कॉम्प्युटर घ्यायचा हाय. सौदा तुमी करा."

बाजारात टॉर्चचे सेल विकत विकत मी दुकान उभं केलंय. सौदा म्हटलं की मला भूक लागते. पण भजनाला कॉम्प्युटर? मी म्हणालो, "अण्णा, तालाची इलेक्ट्रिक पेटी घ्या. स्वस्तात पडेल. बटण दाबलं की आपली आपण वाजते."

"आपली आपण वाजती, मग दत्तूनं काय करायचं? टाळ्या पिटायच्या? एका हातानं?"

त्यांचा बेत असा होता : दत्तूच्या जुन्या कॅसेटवरचे ठोके कॉम्प्युटरात घालायचे, एकेका कळीला एकेक, आणि दत्तूनं ते डाव्या हातानं वाजवायचे. कळ दाबल्यावर ठोका जरा जरी मागं पडला, तरी चार माणसांत दत्तूच बेताल ठरणार. मशीन ऐन भजनात बंद पडलं तर विचारायलाच नको. अण्णांना धास्ती तेवढीच होती.

म्हणून त्या चिपळ्या. दुकानातला मेकॅनिक एकेका मशीनमध्ये एक ठोका घालून देत होता आणि अण्णा नापास करत होते.

मी तोवर सगळ्यात नवीन, चकचकीत मशीन हेरून ठेवलं होतं. त्याच्यासाठी काय भांडलो! दोनदा उठलो, एकदा तर जिना उतरून खाली गेलो. दुकानदार स्वतः बोलवायला आला. किंमत निम्म्यावर आणली, वर टेबल फुकट. लोकांनी तिकीट काढून बघावा असा सौदा.

अण्णांनी चिपळ्या उचलल्या. "उशीर करतंय."

"अहो, एवढा उशीर डासालासुद्धा कळणार नाही!"

"डास भजनाला बसत न्हाई. दत्तू बसतोय."

शेवटी मागच्या खोलीतलं एक जुनं धूड त्यांना पसंत पडलं. पिवळं पडलेलं, एका कोपऱ्यात चेपलेलं. पण कळ आणि चिपळी एकदम वाजली. अण्णांनी जमिनीवर बसून त्याच्या पंख्याला कान लावला, डब्याला दोन चापट्या मारल्या, ठोका पुन्हा ऐकला आणि दुकानदारानं सांगितलेली किंमत माझ्यादेखत, एक अक्षर न बोलता मोजली. बाजारात माझा असा अपमान दुसऱ्या कुणी केलेला नाही. परतीच्या वाटेवर खानापूर येईपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही. आजही विषय निघाला की माझं डोकं तापतं.

मशीन जीपमध्ये भाताच्या पेंढ्यावर बसून गुंदला गेलं. पावसाळ्यात दमट हवा लागू नये म्हणून अण्णांनी ते कपाटात ठेवलं आणि शेजारी बल्ब पेटता ठेवला. त्यांच्या घरच्या, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणात एवढा शेक कुणी दिला न्हाई."

वीज तयार करणारं सुपा धरण शेजारी असलं तरी आमच्याकडच्या विजेचा भरवसा नाही. म्हणून देवळाच्या उत्सवाला मी ट्रकची बॅटरी आणि इन्व्हर्टर दिला. राग वेगळा, धंदा वेगळा.

दुपारचं भजन. दत्तू कीबोर्डसमोर मान खाली घालून बसला होता. "लोक हसतील," तो म्हणाला.

"हसू देत की," अण्णा हळूच म्हणाले.

पहिल्या अभंगाला दत्तूनं डाव्या हातानं कळ दाबली. ठोका पडला, जागच्या जागी. मग दुसरा. मागच्या बायकांची कुजबुज थांबली. तिसऱ्या अभंगाला दत्तू रंगला आणि लय पळवायला लागला. अण्णांनी एकदम पेटी थांबवली. ठोकेही थांबले. मला वाटलं, धूड मेलं! मी बॅटरीकडे धावलो.

"अरे दत्त्या!" अण्णा मागं वळून गरजले. "वाघ लागलाय व्हय मागं? धर की जरा दम! आमी माणसं गातोय हितं!"

पूर्वी लयीवरून या दोघांची रोज जुंपायची. हात गेल्यापासून मात्र अण्णा त्याच्याशी तापानं फणफणलेल्या माणसाच्या उशाशी बोलावं तसं बोलत. दत्तूवर कुणी ओरडलंच नव्हतं.

दत्तूनं मान वर केली. "तुमाला झेपत न्हाई म्हणून सांगा की अण्णा!"

मंडप हसला. अण्णांनी पेटीचा भाता ओढला, गायला तोंड उघडलं, पण दत्तूकडेच बघत राहिले; या खेपेला उशीर त्यांनीच केला. पहिली ओळ मंडळानंच उचलली.